हब लॉक केले का?

आमच्यासमोर सिमेंट रोड झाला तेव्हा रस्ता वर गेला आणि घर खाली राहिलं. नागपुरातल्या जुन्या लेआउटमध्ये हे घरोघरी झालंय, त्यामुळे कोणी कोणाला सांगत नाही. फाटकातून गाडी बाहेर काढायची म्हणजे आता चढ चढावा लागतो. नवऱ्याच्या गाडीचं पोट त्या चढावर घासतं आणि दर वेळी तो तोंडाने 'स्स' करतो, जसं काही त्याचंच पोट सोलवटलं. माझी जुनी मारुती जिप्सी घासत नाही. नाक वर करते आणि निघून जाते.

पण ते फाटकच आता जाणार आहे. घर बिल्डरला दिलंय. दिवाळीनंतर पाडायला घेतील आणि दोन-अडीच वर्षांनी आमच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट येईल, सोबत पार्किंग एक. करारात साधं लिहिलंय, 'एक आच्छादित वाहनतळ'. सही करताना मी ते वाचलं होतं. वाचूनच सही केली. तेव्हा जिप्सी मनातही आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मुलगी पुण्याहून म्हणते, ''आई, विकून टाक ना गं. चालवतेस तरी किती?'' मी मीटर पाहिलं. वर्षभरात नऊशे किलोमीटर, आणि त्यातले निम्मे मेयो हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत उस्तादांकडे दुरुस्तीला जाण्यायेण्याचे. म्हणजे गाडी मुख्यतः स्वतःला दाखवायला दवाखान्यात जाते. माझंही आता तसंच आहे म्हणा.

आईला विचारलं. आई ऐंशीची. या गाडीत चढायला तिला नेहमी पाट लागायचा, त्यामुळे तिचं आणि जिप्सीचं कधी जमलं नाही. ती म्हणाली, ''तुझ्या बाबांनी घेताना मला विचारलं नव्हतं. आता तू विकताना कशाला विचारून राहिली?''

बाबा एका बँकेत कृषी अधिकारी होते. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, लाट आली, तिच्यात तेही बाहेर पडले. मिळालेल्या पैशांतून लोकांनी फ्लॅट घेतले, मुलींची लग्नं केली. बाबांनी उमरेडकडच्या एका खाण कंत्राटदाराची पाच वर्षं वापरलेली जिप्सी घेतली. मारुतीने पहिली जिप्सी आणली १९८५ साली, एक लिटरच्या आतल्या इंजिनाची, चार गिअरची. आमची त्यानंतरची, जिप्सी किंग, १३०० सीसी, पाच गिअर. किंग बाजारात आली ते वर्ष १९९६, आणि आमच्या आरसी बुकावरही १९९६च आहे. कार्ब्युरेटरवाली. खाली चारही चाकांना स्प्रिंगचे लोखंडी पाटे, वर कापडी हूड, मागे समोरासमोर दोन बाकडी. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि आईच्या मते अक्कलही नाही.

बाबांना ती हवी होती संत्र्याच्या बागांसाठी. बँकेत असताना कर्जाच्या फायली पाहताना ज्या बागा त्यांनी पाहिल्या, त्यांच्याकडे आता ते फाईलशिवाय जाणार होते. काटोल, कळमेश्वर, वरुड. आंबिया बहाराचं काय, मृग बहाराचा ताण, म्हणजे झाडांचं बंद ठेवलेलं पाणी, कधी तोडायचा, झाडाच्या बुंध्याला डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, लागलाय त्याचं काय करायचं. डिंक्यावर बाबांचा उपाय ठरलेला : बोर्डो मलम. एक किलो मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लेप. लोक ऐकतात पण करत नाहीत हा बँकेतला अनुभव, म्हणून मोरचूद आणि चुना ते गाडीतच घेऊन फिरायचे. प्लास्टिकच्या बादलीत मलम कालवून मागे ठेवलेलं असायचं. बादली हिंदकळायची. मोरचूद लोखंडाला खातो हे त्यांना माहीत होतं आणि तरीही बादलीखाली ते कधी काही अंथरायचे नाहीत. मागचा पत्रा दोनदा कापून जोडलाय. जोडाच्या आजूबाजूला निळे-हिरवट डाग अजून आहेत. कितीही घासा, जात नाहीत.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. काळ्या कापसाच्या मातीवर दर वर्षी एक तास घेते. बेसाल्ट झिजून झालेली, मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजामुळे पाण्याने फुगणारी, उन्हाने भेगाळणारी. मुलं लिहून घेतात. पण ही माती मला कळली ती २००३च्या जुलैत, काटोलच्या पलीकडे एका बागेच्या वाटेवर. आपल्याकडे गाडी फसते ती वाळूत नाही, खडकात नाही, ती इथे फसते. पहिला मोठा पाऊस झाला की ही माती साबणासारखी होते. टायरच्या खाचा पहिल्या दहा फुटांत भरतात आणि टायर लोण्याचा गोळा होऊन जागच्या जागी फिरत राहतं. मग माती मडगार्डमध्ये दाटते, आणि मग चाक फिरायचंही थांबतं.

मी चालवत होते. बाबा शेजारी. गाडी रुतली तशी मी छोटा गिअर ओढून फोर व्हील टाकलं आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं, मागची चाकं फिरली, पुढची ढिम्म.

बाबा चिवडा खात होते. म्हणाले, ''हब लॉक केले का?''

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जिप्सीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते. ती हाताने 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवावी लागते. त्याशिवाय फोर व्हील टाकलं तर आतले दांडे फिरतात, चाकांपर्यंत जोर पोचत नाही. आणि ही चकती बाहेरून फिरवायची, म्हणजे जिथे गाडी फसली त्या चिखलात उतरूनच. शहाणा माणूस चिखलात शिरायच्या आधी कोरड्यावर उतरून लॉक करतो. मी उतरले घोटाभर चिखलात, पांढरी सलवार घालून. वाकले, चकतीवरची माती बोटांनी खरवडली, फिरवली. परत येऊन बसले, गिअर टाकला. तरी ढिम्म.

बाबांनी पुडीतले शेवटचे शेंगदाणे वेचले. म्हणाले, ''पुढे दोन चाकं असतात.''

मी एकच हब लॉक करून आले होते.

त्या दिवशी ते शेवटपर्यंत खाली उतरले नाहीत. तेव्हा मला राग आला होता. फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना सगळ्यात हळू पण जास्त जोर देणाऱ्या टप्प्यात, पहिल्या गिअरवर, पाय जवळजवळ न लावता गाडी कशी आपल्या आपण रांगत बाहेर येते ते मी तिथे शिकले. घाई केली की खोल जाते. माझ्या इंटरव्ह्यूच्या सकाळी त्यांनी फोनवर विचारलेलं पहिलं वाक्य होतं, ''हब लॉक केले का?'' मुलीच्या बारावीच्या वेळेसही तेच. तिला अर्थ माहीत नव्हता, ती ''हो आजोबा'' म्हणाली.

दुसरी शिकवण उन्हाळ्याची. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, नागपूर पंचेचाळीसच्या वर गेलं की कार्ब्युरेटरची गाडी चालताना नीट चालते, पण थांबवून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला जा, सेल्फ नुसता घरघरतो. थांबलेल्या इंजिनाची धग वर चढते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला द्रव ओढायची सवय, वाफ त्याला ओढता येत नाही. व्हेपर लॉक. यावर बाबांचं औषध म्हणजे त्यांच्या जुन्या पंचाचा हातभर तुकडा. बॉनेट उघडायचं, तुकडा ओला करून पिळायचा, पंपावर ठेवायचा, आणि पाच मिनिटं सावलीत उभं राहून लोकांकडे पाहायचं. खिडकीतल्या कूलरची खस ओली करावी तसं. ज्या शहरात माणसं वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून जगली, तिथे इंजिनालाही ओल्या फडक्याने उतार पडतो हे मला अगदी रीतसर वाटतं.

तो तुकडा अजून बॉनेटखाली एका तारेला अडकवलेला असतो. आई इतकी वर्षं तो धुऊन वाळवून परत देत आली. गाडी तिला आवडत नाही, पण मळकं फडकं त्याहून आवडत नाही.

बाबा २०१४ मध्ये गेले. त्यावर लिहिण्याचा हा लेख नाही. आईसाठी आम्ही या घरात राहायला आलो आणि घरासोबत जिप्सी आली.

लोकांना वाटतं मी ती बाबांची आठवण म्हणून ठेवली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, कारण ते सांगायला सोपं आहे आणि ऐकणारा लगेच गप्प होतो. पण बाबांची आठवण यायला मला साडेनऊशे-हजार किलोचं लोखंड लागत नाही. पोह्यात शेंगदाणा जास्त झाला तरी येते. खरी गोष्ट मला कळली ती पुराच्या वेळी.

२३ सप्टेंबर २०२३. शुक्रवारी रात्री झोपलो तेव्हा पाऊस पडत होता, नवीन काही नव्हतं. एका रात्रीत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठावरच्या वस्त्या भरल्या. आमचा लेआउट तलावाच्या खालच्या अंगाला. पहाटे पाणी फाटकावरून आत आलं, वरच्या सिमेंट रोडवरून धबधब्यासारखं. आईला खुर्चीसकट गच्चीवर नेलं. उजाडल्यावर वरून पाहिलं तर जिप्सीच्या सीटपर्यंत पाणी, आणि शेजारच्यांच्या दोन नव्या गाड्या तरंगून एकमेकींना टेकलेल्या.

आता इथे जिप्सीने गल्लीतल्या सगळ्यांना वाचवलं असं लिहिता आलं असतं. तसं काही झालं नाही. तीही उभीच होती, बुडलेली. फरक पुढे पडला. शेजाऱ्यांच्या गाड्या क्रेनने गेल्या त्या परत आल्या नाहीत. सगळं इलेक्ट्रॉनिक भिजलं, विमा कंपनीने टोटल लॉस धरला. जिप्सीपाशी मी चौथ्या दिवशी पाने घेऊन बसले. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतलं पाणी फडक्याने टिपलं, उन्हात ठेवली. चारही प्लग काढून तव्यावर गरम केले. उस्ताद दुपारी आले. त्यांनी इंजिनाचं, गिअरबॉक्सचं, दोन्ही डिफरन्शियलचं तेल सोडलं, ते चहासारखं दुधाळ निघालं. नवीन भरलं. संध्याकाळी सेल्फ मारला. तिसऱ्यांदा लागली. हुडातून गाळाचा वास पुढे महिनाभर येत होता, पण लागली.

घरात त्या वेळी फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, राउटर असं सगळं मेलेलं होतं, आणि प्रत्येकासाठी मी कोणाला तरी फोन करत होते, कोणाच्या तरी तिकीट नंबराची वाट पाहत होते. एवढ्या यंत्रांत एकच यंत्र असं होतं की जे बिघडलं तर का बिघडलं ते मला समजतं. मी बावन्न वर्षांची बाई आहे, कंबरेत मणका सरकलाय, हाडाच्या डॉक्टरांनी पाट्यांच्या गाडीत बसायला सक्त मनाई केलीय. पण गाडी फसली तर उतरून दोन्ही हब लॉक करीन, आणि बंद पडली तर थांबून तिच्या पोटात काय चाललंय ते ऐकीन, एवढं मला येतं. ती विकली तर बाबा जाणार नाहीत. ही बाई जाईल.

हे कळल्यावर निर्णय सोपा व्हायला हवा होता. उलट अवघड झाला. कारण ती बाई वर्षाला नऊशे किलोमीटर जगते.

आणि सप्टेंबरात नोंदणी संपतेय. पंधरा वर्षांनी एकदा, मग दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन दाखवायची आणि मुदत वाढवून घ्यायची. २०२१ मध्ये फेरनोंदणीची फी सहाशे रुपये भरली होती. २०२२च्या एप्रिलपासून ती पाच हजार झाली, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार केली. पर्यावरण कर वेगळा. नव्या नंबर प्लेटा बसवून झाल्यात, त्या तिच्या अंगावर म्हातारीला घातलेल्या नव्या चष्म्यासारख्या दिसतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, आणि पंपातला रबरी पडदा त्याला टिकत नाही, वर्षात दोनदा बदलला. उस्ताद म्हणतात, ''ताई, गाडी में कुछ नहीं हुआ. पेट्रोल बदल गया, गाडी वही है.'' मी त्यांना म्हटलं, विकू का? ते हात पुसत राहिले. ''बेचो मत बोलूंगा तो मेरा धंदा है, बेचो बोलूंगा तो झूठ है.''

पाहायला लोक आले. सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी २०१८-१९च्या सुमारास बंद झाली, २०२३ मध्ये तिच्या जागी पाच दारांची जिम्नी आली, आणि तेव्हापासून जुन्या जिप्सीला शौकिनांचा भाव आलाय. एक मुलगा आला, चांगला मुलगा, नम्र. गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढला. मोठे टायर टाकणार, वर दिव्यांची पट्टी लावणार, आणि फुटाळा तलावावर संध्याकाळी उभी करणार. अडीच लाख म्हणाला. मागचे निळे डाग पाहून म्हणाला, ''मॅडम, हा ओरिजिनल पेंट आहे का?'' पेंचकडच्या एका रिसॉर्टचा माणूस आला. त्याला चालू नसली तरी चालणार होती. गेटवर उभी करून बॉनेटमध्ये माती भरून बोगनवेल लावायची होती. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

मग काटोलच्या मामाचा फोन आला. मामा शेतकरी, चौऱ्याहत्तरचे, भावनेच्या भानगडीत पडत नाहीत. पोळ्याला बैलांच्या पाया पडतात आणि बैल थकला की बाजार दाखवतात, आणि दोन्ही खरं असतं. म्हणाले, ''वीक. पण पाहून वीक. माहा बैल मी कधी पहिल्या गिऱ्हाइकाले देल्ला नाही. आन् एक ध्यानात ठेव, जनावर विकावं, दावं विकू नाही. दावं घरीच ठेवायचं.'' ही रीत मला माहीत होती. त्यांच्या गोठ्यात खुंटीवर सहा-सात दावी लटकलेली असतात, बैल एकाचाही नाही. मामांनी एक गिऱ्हाईक पाठवतो म्हणून सांगितलं. ''पोरगा बरा हाय. बागवाला हाय.''

तो आला नाही, मीच गेले. त्याची बाग पाहायची होती, म्हणजे खरं तर बागेकडे जाणारा रस्ता पाहायचा होता. आठवड्याचा पाऊस होऊन दोन दिवस उघडीप, वर उकाडा. कळमेश्वर सोडल्यावर मी हूड मागे टाकलं. बागवाला पस्तिशीतला, बोलायला कमी. गाडीभोवती फिरला नाही, खाली वाकून पाटे पाहिले. मग मागचं फळकूट उघडलं आणि पत्र्यावर बोट ठेवलं.

''ताई, याच्यात बोर्डो नेत होतं का कोनी?''

मी म्हटलं, ''माझे वडील.''

''बादलीखाली पोतं टाकाले पाह्यजे होतं,'' तो म्हणाला. मला हसू आलं. इतक्या वर्षांत हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

बाग रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. ''पावसात निस्ता ट्रॅक्टर चालते इथं,'' तो म्हणाला. ''आन् ट्रॅक्टरवर बायकोले दवाखान्यात कसं न्यावं? मागल्या पोळ्याले नेलं तसंच. बाळ वाचलं, नशीब.'' पुढे काही बोलला नाही.

चालवायला त्यालाच दिली. नाल्याच्या उताराशी, अजून कोरड्यावर, त्याने गाडी थांबवली. मी सवयीने दार उघडून उतरले, कंबरेतून कळ गेली, डाव्या चाकापाशी वाकले आणि चकती फिरवली. पलीकडून 'कट्' असा आवाज आला. तो उजव्या चाकापाशी बसलेला होता. काही न बोलता दोघं परत आत बसलो. फोर लो, पहिला गिअर. त्याने पाय जवळजवळ काढूनच घेतला. गाडी चिखलात शिरली, जरा आडवी झाली, आणि रांगत, कुरकुरत, मडगार्डमधून लपके फेकत पलीकडे निघाली. एवढ्या हळू की बांधावरचा बगळा उडालाही नाही.

बागेत झाडांची फळं अजून हिरवी, लिंबाएवढी. बुंध्यांना लेप होता, नीट, गुडघ्याच्या वरपर्यंत. मी झाडं पाहत बसले, त्याने चहा मागवला. त्याची बायको बाळ घेऊन आली, गाडीकडे पाहून म्हणाली, ''उंच हाय वो लय,'' आणि मला आईचा पाट आठवला. त्याने भाव सांगितला, दीड लाख. त्या मुलापेक्षा लाखाने कमी. मी घरी विचारून सांगते म्हटलं, जे खोटं होतं, कारण घरी कोणाला विचारायचं शिल्लक नव्हतं.

परत निघायला बसलो. त्याने किल्ली फिरवली. सेल्फ घरघरला, लागली नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा. तासभर फोर लोमध्ये तापलेलं इंजिन, वर हा दमट उकाडा.

''थांबा,'' मी म्हटलं, ''बॅटरी संपवाल.''

उतरले. बॉनेट उघडलं. तारेवरचा तुकडा काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला, पिळला. तो शेजारी येऊन उभा राहिला. मी पंप दाखवला, नळी कुठून येते ते दाखवलं. दोनच घड्या, तीन नाही, नाहीतर बसत नाही. गच्च पिळायचा, पाणी वायरींवर ठिबकता कामा नये. पाच मिनिटं. तोवर किल्लीला हात लावायचा नाही.

पाच मिनिटं आम्ही बॉनेटला टेकून उभे राहिलो. बाळ रडत होतं. मग मी मान हलवली, त्याने जाऊन सेल्फ मारला, लागली.

बॉनेट पाडताना त्याने तुकडा काढून माझ्यापुढे धरला. ''ताई, तुमचं फडकं.''

''राहू द्या तिथेच,'' मी म्हटलं. ''मे महिन्यात लागेल.''